आखाजीचं बी

भिकुबाई ओट्यावर बसून चिंध्यांच्या पुरचुंड्या बांधत होती. एकेकीत चिमूटभर बी, भरताच्या वांग्याचं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेली लेक परत निघाली की तिच्या पदराला हे बी बांधायचं. चोपड्याकडच्या त्या गावात असंच चालायचं.

तेवढ्यात भाऊबंदातला हिलाल पळत आला.

"अक्का, उचल ते! जीप उनी शे!"

साल १९९४. महिन्यापूर्वीच सरकारनं परदेशात जाऊन व्यापाराच्या करारावर सही केलेली. कराराचा मसुदा मांडणाऱ्या साहेबाच्या नावानं डंकेल, डंकेल करत पेपर भरलेले. ते वाचून हिलालनंच गावभर केलं होतं, की आता घरचं बी ठेवणं म्हणजे चोरी. जीप येणार, बी जप्त होणार. बाया घाबरल्या. पुष्पाबाईनं तर तुरीचं बी चुलीच्या राखेत पुरलं. खाली निखारे! बठ्ठं बी, दाणा न् दाणा, भाजून निघालं.

"मी उचलाव नही," भिकुबाई म्हणाली. "मन्ही मायनं दिधेल शे हाई. चोरी कशी व्हई?"

"जेलमा जाशी!"

"जासू. तू जाय, पुष्पाना फुटाना खा."

जीप थांबली तसे हिलालसकट पेपर वाचणारे सगळे दारांआड झाले. दोन माणसं उतरली, पाठीवर पंप. भिकुबाई दारात आडवी उभी.

"नाव लिखी ले, भिकुबाई. बी देवाव नही."

"कसलं बी? अक्का, आम्ही मलेरियावाले. घरात फवारा मारायचाय."

गल्ली खदाखदा हसली. सगळ्यात जोरात हिलाल, जो मघाशी पळत आला होता. भिकुबाई हसली नाही. आज नाही तर उद्या खरी जीप येईल, असंच तिला वाटत होतं. तिला अक्षर येत नव्हतं. पण पेपर वाचणारे सगळे लपले आणि ही एकटी उभी राहिली, हे गावानं पाहिलं.

दुसऱ्या दिवशी तिची लेक प्रमिला धुळ्याकडे सासरी निघाली. पुरचुंडी पाहून तिनं हात मागे घेतला.

"माय, नको वं. सासरा म्हनस, गुन्हा शे."

भिकुबाईनं तिचा पदर ओढला, गच्च गाठ मारली.

"कोन्ही धरं ते मन्हं नाव सांग. माले धराले लाव."

पुढं लई वर्षांनी कळलं. त्याच सहीपायी दिल्लीला २००१ साली कायदा करावा लागला. त्यात लिहिलंय, शेतकऱ्यानं आपलं बी राखावं, पेरावं, वाटावं, विकावंसुद्धा, फक्त कंपनीसारखा छाप मारून विकू नये. त्या साली प्रमिलाच्या सासरी त्या वांग्याची आठवी लावणी झाली होती.