वळणावरचं लिंबू

मष्णूचा विश्वास तसा कुणावरच नव्हता. म्हशीची धार तो स्वतः काढायचा. बायको काढायला बसली तर पेलाभर शेजारणीला देईल म्हणून. सायकल रात्री उशाशी. लढाई चाललेली, टायर बाजारात दृष्टीला पडत नव्हते. असल्या दिवसांत सायकल दारात ठेवणारा वेडाच, असं त्याचं म्हणणं.

गावात सायकलवरून दूध नेणारा तो पहिलाच. आधी शहरात, खडेबाजारातल्या हॉटेलात दूध जायचं ते भरमूच्या बैलगाडीतून, आणि उन्हाळ्यात पोचेपर्यंत नासायचं. मालकानं भरमूला सोडून मष्णूला धरलं. तेव्हापासून भरमू समोरून आला की मष्णूची नजर आधी त्याच्या हातांकडे जाई.

वाट मात्र दोघांची एकच. गाड्यांनी पाडलेल्या खोल चाकोऱ्या आणि मधे अरुंद उंचवटा. त्यावरून सायकल न्यायची. त्यातच शेळ्या, भारेवाल्या बायका, म्हातारीकोतारी. मष्णू लांबूनच घंटी वाजवायचा, सगळे बाजूला होत. वळणावरच्या घरातला म्हातारा तेवढा हलत नसे. माज, दुसरं काय! शिवाय भरमूच्या भावकीतला.

एका सकाळी त्याच वळणावर, उंचवट्याच्या मधोमध, उतारा दिसला. कापलेलं लिंबू, कुंकू, मूठभर भात. उतारा ओलांडायचा म्हणजे दुसऱ्याची पीडा अंगावर घ्यायची. मष्णूनं हँडल वळवलं, चाक चाकोरीत गेलं आणि सगळं दूध मातीत.

मालकानं एवढंच सांगितलं, की उद्या दूध आलं नाही तर पुन्हा यायची गरज नाही.

संध्याकाळी पारावर चार माणसांत मष्णूनं भरमूला सुनावलं, लिंबू कुणी ठेवलं ते कळतंय म्हणून. भरमू तंबाखू मळत राहिला.

"मला लिंबू ठिवायचंच असतं तर तुझ्या डोक्यावर ठिवलं असतं रं. वाटेवर कशाला?"

माणसं हसली. ते हसणंही मष्णूला ठरवून केल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी तो नेहमीपेक्षा लवकर निघाला. दुधाच्या बरणीचं झाकण सुतळीनं आवळलेलं. लिंबू ठेवतानाच हात धरायचा, म्हणून घंटीला बोट लावलं नाही आणि वळणावर सायकल जोरात सोडली. अंधूक उजेडात म्हातारा वाटेतच पाठमोरा उभा. मष्णू ओरडला; तो वळलाच नाही. धडक चुकवताना सायकल चाकोरीत आदळली. दूध वाचलं, पण पुढची रिंग पार वाकडी झाली.

म्हाताऱ्याची सून नागुबाई घरातून धावत आली. तिच्या हातात कापलेलं लिंबू होतं.

"तू?" मष्णू म्हणाला. "भरमूनं शिकवलं?"

"भरमू भावजींचा काय संबंध? मामंजींना ऐकू येत न्हाय. गेल्या म्हैन्यात तुमचंच हँडल लागलं त्यांच्या कोपराला. हळू जावा म्हटलं, तर हसून गेलासा. माणसाला भ्यात न्हाईसा, म्हटलं लिंबाला तरी भ्याल."

"मग ह्यात पीडा कुणाची?"

"कुणाची न्हाय. परड्यातल्या झाडाचं लिंबू हाय."

मष्णूनं तरी ते उलटंपालटं करून पाहिलं, टाचणी खुपसलीय का म्हणून. म्हातारा त्याच्या तोंडाकडे निरखून बघत होता. "पाव्हणं कुठलं गं?" त्यानं सुनेला मोठ्यानं विचारलं. रोज पाठीमागून येणाऱ्या या माणसाचं तोंड त्यानं कधी पाहिलंच नव्हतं.

तेवढ्यात वैरण भरलेली भरमूची गाडी आली. सायकलकडे बघून त्यानं बैल थांबवले.

"चढ."

दुसरा इलाज नव्हता. मष्णू चढला. बरणी वैरणीत ठेव, हलायची नाही, असं भरमूनं सांगितलं. तरी मष्णूनं ती गुडघ्यांत धरली ती खडेबाजारापर्यंत. हा मालकाला पटवणार, धंदा परत घेणार, हे त्याच्या लेखी ठरलेलंच.

मालकानं गाडीकडे आणि मग दोघांकडे पाहिलं. मष्णूच्या आधी भरमूच बोलला, "सायकल मोडली म्हणून आणलं. दूध त्याचंच हाय, उद्याबी त्योच आणंल."

परतताना अर्धी वाट मष्णू रिकामी बरणीही गुडघ्यांत धरून होता. शेवटी राहवेना.

"असं का सांगितलंस?"

"मग कसं सांगू?"

या उत्तराचा मष्णूला घरी पोचेपर्यंत भरवसा वाटला नाही.