खारघरचा चढाईपटू, शिरवण्याचा कोपरा

व्हिडिओ पाहून खेळाडू पास-नापास करणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं, असं मी व्यवस्थापकांना ऐकवलं आणि दोन दिवसांची पायपीट स्वतःच ओढवून घेतली. एका व्यावसायिक कबड्डी संघासाठी मी नवे खेळाडू हेरते. यंदा चढाईपटूची एक जागा रिकामी होती आणि खारघरच्या एका कॉलेजातल्या ओंकारचं नाव जो तो घेत होता.

शनिवारी सकाळी स्वारगेटहून एसटी पकडली. घाटात तासभर रखडलो, कळंबोलीला उतरले. तिथून खारघरला रिक्षा मिळते, भाडं मात्र बसायच्या आधी ठरवा.

कॉलेजच्या मॅटवर ओंकारने समोरच्यांना पळता भुई थोडी केली. पोरं त्याच्या नावाने ओरडत होती. मी वहीत लिहिलं: वेग उत्तम, पण निम्मे गुण गडी न मारता मिळालेले, बोनसचे, आणि तिघांनी घेरलं की मध्यरेषेकडे पळायला बघतो. मोठ्या संघातले बचावपटू हे दोन सामन्यांत ओळखतात.

शेजारी त्याचे वडील बसले होते, मूळचे साताऱ्याकडचे, मार्केटात माथाडी.

"कसं वाटलं पोरगं?"

"चांगलं आहे," मी म्हटलं. माझं 'चांगलं' म्हणजे सहसा नापासच. त्यांना ते उमगलं असावं.

"उद्या शिरवण्यात बघा की, गावच्या संघात. मातीवर येगळाच खेळतो."

मुक्काम सानपाड्याला, स्टेशनजवळच्या लॉजवर. हजार रुपयांत पंखा आणि स्वच्छ चादर, यापलीकडे अपेक्षा ठेवू नका. रविवारी सकाळी शिरवण्याच्या मैदानाजवळ तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण खाल्लं. शंभराच्या आत पोट भरतं. तिखट झेपत नसेल तर आधीच सांगा, मी सांगितलं नव्हतं.

मातीवर ओंकार चढाईला नव्हताच, डाव्या कोपऱ्यात पकडीला उभा होता. समोरच्यांच्या पहिल्याच चढाईत त्याने एका दांडगट गड्याचा घोटा धरला आणि गडी जागीच बसला. मग दुसरा, मग तिसरा. उगाच झेप घेणं नाही, घाई नाही, गडी चुकेपर्यंत शांतपणे वाट बघणं. इतकी वर्षं खेळले, हेरले, पण असा कोपरा पाहिला नव्हता. एरवी मी सहसा हुरळत नाही, पण तेव्हा अंगावर काटा आला.

सराव संपताच मी त्याला गाठलं आणि चूक केली. आनंदाच्या भरात म्हणून गेले, "अरे, तू रेडर नाहीसच. तू कोपरा आहेस!"

त्याचा चेहरा पडला. बाजूला गावच्या संघाचे जुने कप्तान उभे होते. ते हसून म्हणाले, "त्याला आमीच लावलाय तिथं. चढाई गावच्या पोरांची हाय. भायेरचा कोपऱ्यान."

ओंकारने मला मैदानाच्या कडेला नेलं.

"ताई, सात वर्षं येतोय इथे. माती भिजवायला पाणी पण मीच मारतो. तरी बाहेरचाच. कॉलेजात रेडर झालो, तेव्हा पहिल्यांदा कुणी माझ्या नावाने ओरडलं. कोपऱ्यासाठी घेणार असाल, तर माझं नाव देऊ नका."

"पगार मिळेल. वडिलांच्या पाठीवरची पोती उतरतील."

"ती मी रेडर होऊन उतरवीन."

अर्धा तास समजावलं. पालथ्या घड्यावर पाणी.

संध्याकाळी पुण्यात घरी पोचले, अंघोळ केली आणि अहवाल लिहायला बसले. शिरवण्याला जरूर जा, मातीवरची कबड्डी तिथे फुकट बघायला मिळते. माझ्यापुरतं विचाराल तर त्या तीन पकडी डोळ्यांसमोरून हलत नव्हत्या. 'चढाईपटू म्हणून शिफारस नाही,' एवढं लिहून पाठवलं.

व्यवस्थापकांचा लगेच मेसेज आला: "ठीक. तिकडे डाव्या कोपऱ्याला कुणी दिसलं का?"

ओंकारचा हट्ट चुकीचा आहे, असं मला तेव्हाही वाटलं, आजही वाटतं. मी नाव दिलं असतं तर संघाने त्याच्या वडिलांना गाठलं असतं आणि वडिलांसमोर त्याला नाही म्हणता आलं नसतं.

"नाही दिसलं," मी लिहिलं. या कामातलं हे माझं पहिलं खोटं.