श्वास रोखा, हलू नका

निवृत्तीच्या दिवशी एक्स-रेकाकांना भिंतीवरचं घड्याळ मिळणार, याबद्दल घरात कुणालाच शंका नव्हती. काकूंनी तर बैठकीच्या खोलीत खिळासुद्धा ठोकून ठेवला होता. पण रुग्णालयातल्या मंडळींनी वर्गणी काढून त्यांच्या हातात ठेवला तो डिजिटल कॅमेरा, चांगल्या लांब लेन्सचा. "जन्मभर माणसांचे आतले फोटो काढलेत, आता बाहेरचे काढा," असं विभागातल्या मोठ्या नर्सबाई म्हणाल्या आणि सगळे हसले. घरी आल्यावर काकूंनी खिळ्याकडे बघितलं, कॅमेऱ्याकडे बघितलं, आणि पट्ट्याने कॅमेराच खिळ्याला अडकवून टाकला. बरेच दिवस तो तिथेच लोंबत होता.

काकांची सगळी नोकरी तळघरातल्या एका खोलीत गेली. माणूस यायचा, काका त्याला टेबलावर झोपवायचे, दुखरा भाग मधोमध घ्यायचे आणि आडोशामागे जाऊन म्हणायचे, "श्वास रोखा. हलू नका." मग बटण. कुणी हललंच तर फिल्म वाया, पुन्हा पहिल्यापासून. हलणाऱ्या माणसांचा काकांना मनस्वी राग होता. त्यांना काम शिकवणाऱ्या म्हाताऱ्याने एक सवय लावून दिली होती: बटण दाबताना तोंड फिरवायचं. त्या काळी आडोसा म्हणजे नावापुरता पडदा होता, म्हणून. पुढे पडद्याच्या जागी शिशाची भिंत आली, भिंतीला जाड काचेची खिडकी आली, पण बटण दाबलं की काकांची मान फिरायची ती फिरायचीच.

दुसरी सवय तोंडाची. फिल्मवर काय दिसतंय ते रुग्णाला सांगायचं नाही, असा नियम होता. हाड दुभंगलेलं असो की धडधाकट, काकांच्या चेहऱ्यावरची रेष हलायची नाही. माणसं काकुळतीला येऊन विचारायची, "काय दिसतंय हो?" काका म्हणायचे, "रिपोर्ट डॉक्टर देतील." हे त्यांच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की भाजी कशी झालीय असं काकूंनी विचारलं तरी धड उत्तर मिळायचं नाही.

त्यांना एकच मुलगी, चांगली उंच आणि व्हॉलीबॉल खेळणारी. संघातल्या मुली तिला शिडी म्हणत, आणि घरीही आता तेच नाव पडलं होतं. तिने शाळेपासून इतके सामने खेळले, पण काकांनी त्यातला एकही बघितला नव्हता. सामने सुट्टीच्या दिवशी आणि काकांची ड्युटी नेमकी सुट्टीच्या दिवशी. कधी खरंच ड्युटी असायची, कधी काका मागून घ्यायचे, कारण गर्दीत काय करावं हे त्यांना कळत नसे. निवृत्तीनंतर मात्र ती सबब उरली नाही. एका रविवारी शिडीने बूट बांधता बांधता विचारलं, "बाबा, आज काय करणार?" काका म्हणाले, "काही नाही." मग त्यांचं त्यांनाच वाईट वाटलं. त्यांनी खिळ्यावरचा कॅमेरा काढला आणि तिच्या मागोमाग निघाले.

क्रीडासंकुलाचा हॉल म्हणजे वर पत्र्याचं उंच छप्पर, खाली लाकडी फळ्यांचं मैदान आणि दिवे असे पिवळट की माणूस आजारी दिसावा. काकांनी रेषेच्या मागे जागा धरली आणि दुपारभर फोटो काढले. घरी येऊन लॅपटॉपवर उघडले तेव्हा काकू शेजारी बसल्या होत्या. पहिल्या फोटोत पंचांच्या उंच खुर्चीचा पाय होता. दुसऱ्यात भिंतीवरचं आग विझवण्याचं नळकांडं. पुढे माणसं आली, पण त्यांना डोकी नव्हती. गुडघे होते, घोटे होते, खांदे होते, एक सुरेख कोपर होतं, आणि प्रत्येक सांधा चौकटीच्या अगदी मधोमध. "अहो," काकू म्हणाल्या, "यातली आपली कोणती?" काकांनी एका गुडघ्यावर बोट ठेवलं. गुडघा खरोखरच शिडीचा होता, पण काकूंनी कपाळावर हात मारून घेतला.

हॉलमध्ये एका वर्तमानपत्राची फोटोग्राफर यायची. तिशीतली पोरगी, अंगात खिशाखिशांचं जाकीट, जमिनीवर फतकल मारून बसायची. पुढच्या रविवारी तिने काकांकडे थोडा वेळ बघितलं आणि तिला राहवलं नाही.

"काका, बटण दाबताना तुम्ही मान का फिरवता?"

"मी?"

"तुम्हीच. डोळ्याला कॅमेरा आणि मान तिकडे. मग कधी कधी कॅमेराही जातो तिकडे. आणि पुटपुटता काय?"

काका ओशाळले. "श्वास रोखा म्हणतो. सवय आहे."

"त्या नाही रोखत. तुम्हीच रोखून बसता. मघाशी सर्व्हिस गेली तेव्हापासून तुम्ही श्वास घेतलेला नाही. एक दिवस इथेच आडवे व्हाल."

तिने त्यांच्या कॅमेऱ्यात शटरचा वेग वाढवून दिला, फोटो काळे पडू नयेत म्हणून कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता वाढवली, आणि मग दोन गोष्टी सांगितल्या. चेंडू हाताला लागल्यावर बटण दाबलं तर उशीर झालेला असतो, म्हणून उडी सुरू झाली की दाबायचं. आणि चेंडूच्या मागे धावायचं नाही, चेहरा धरायचा. "खेळ चेहऱ्यावर दिसतो काका. गुडघ्यांचे फोटो कोण छापणार?"

मानेचं खूळ सुटायला काकांच्या नाकी नऊ आले. घरी ते काकूंवर सराव करायचे. काकू कपडे वाळत घालताहेत, फोन कानाला लावून हसताहेत, आणि काका दाराआडून मान ताठ धरून बटण दाबताहेत. "माझे केस बघा आधी, मग काढा," काकू ओरडायच्या. पण त्यांना गंमत वाटत होती. इतक्या वर्षांच्या संसारात हा माणूस आपल्याकडे इतका वेळ बघत बसलाय, हे पहिल्यांदाच घडत होतं.

हळूहळू चेहरे यायला लागले. आधी अर्धे, मग पुरते. उपांत्य सामन्याला काकांनी शिडीला पहिल्यांदा नीट धरलं. नेटजवळ ती उडाली, चेंडू मारला, खाली आली, आणि काका बटणावर बोट दाबून होते, मान जागच्या जागी. संघ जिंकला. आता अंतिम सामना, आणि त्याला एका मोठ्या क्लबची माणसं खेळाडू निवडायला येणार होती. शिडीचं नाव त्यांच्या कानावर आधीच गेलेलं होतं. त्या क्लबात जागा मिळाली की पगार, राहायची सोय आणि खेळणं हाच उद्योग. याच एका गोष्टीसाठी ती शाळेपासून पहाटे उठत आली होती. त्या संध्याकाळी ती घरभर नाचली.

ती झोपायला गेल्यावर काकांनी फोटो उघडले. उडीचा फोटो झकास होता. मग खाली येतानाचा. मग पाय टेकल्याचा. त्या फोटोत शिडीचे ओठ घट्ट मिटलेले होते, डोळे आवळलेले, आणि गालाचा स्नायू ताठ झालेला. पुढच्या फोटोत मैत्रिणी तिला मिठी मारत होत्या आणि ती तोंडभर हसत होती. काकांनी दुसरी उडी शोधली. तसाच चेहरा, त्यानंतर तसंच हसू. मग त्यांनी सुरुवातीचे बिनडोक्याचे फोटो उघडले, ज्यांना काकू हसल्या होत्या. गुडघे ओळीने बघत गेले. प्रत्येक वेळी सगळा भार डाव्या पायावर होता आणि उजवा मागाहून, बेताने टेकलेला. तो गुडघा त्यांनी स्वतः चौकटीच्या मधोमध घेतला होता आणि त्यांना काही म्हणता काही दिसलं नव्हतं. चेहरा दिसल्यावर दिसलं.

दुसऱ्या दिवशी ते काही बोलले नाहीत. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. शिडी जिना उतरताना कठड्यावर हात ठेवते, हे त्यांना आता दिसत होतं. खुर्चीतून उठताना कण्हणं ऐकू येऊ नये म्हणून ती गाणं गुणगुणते, हेही कळत होतं. कोचला फोन करावा, असं एकदा मनात आलं. फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. पोरीच्या पाठीमागे तिचं नशीब फिरवायचं आपल्या जिवावर आलं, की आपल्याला बोलायचीच भीती वाटते, हे त्यांना ठरवता येईना. काकूंनी विचारलं, "काय झालंय?" काका म्हणाले, "काही नाही." काकू चिडून म्हणाल्या, "हो, रिपोर्ट डॉक्टर देतील!" आणि आत निघून गेल्या. ते वाक्य काकांना चांगलंच लागलं.

रात्रीची जेवणं झाल्यावर शिडी आपणहून लॅपटॉपपाशी आली. "दाखवा ना बाबा सेमीफायनलचे. एखादा मस्त असेल तर क्लबवाल्यांना पाठवते."

काकांनी उडीचा दाखवला. ती खूश झाली. मग त्यांनी त्याच्या पुढचा लावला, पाय टेकल्याचा, आणि तो तसाच ठेवला. शिडी हलक्या आवाजात म्हणाली, "काय बघताय? काय दिसतंय?"

हाच प्रश्न काकांनी हजारोंच्या तोंडून ऐकला होता आणि त्याचं उत्तर त्यांच्या जिभेवर तयार होतं. ते त्यांनी गिळलं.

"तुला दुखतंय," ते म्हणाले. "खूप दुखतंय. आणि बरेच दिवस."

"बाबा, तुम्ही फोटो काढायला येता की मला तपासायला?" शिडी एकदम उसळली. "इतकी वर्षं कधी आला नाहीत. आलात ते हे शोधायला? एक सामना राहिलाय, एकच! तो झाला की दाखवते डॉक्टरला. शपथ."

"अशा पायावर उडी मारून नंतर आलेल्या मुली बघितल्यात मी. माझ्याच टेबलावर. पुढे त्या जिना चढायलाही घाबरायच्या."

"मग त्यांना सांगायचं होतंत!"

"नाही सांगितलं," काका म्हणाले. "कुणालाच नाही सांगितलं. तुला सांगतोय. भीती वाटते म्हणून सांगतोय."

शिडी रडायला लागली. काकांना तिला जवळ घ्यायचं होतं, पण ते कसं सुरू करतात ते त्यांना आठवेना, म्हणून त्यांनी तिच्या डोक्यावर नुसता हात ठेवला. "मी कोचला काही बोलणार नाही," ते म्हणाले. "पाय तुझा आहे. तू ठरव. तू खेळलीस तरी मी येणार, नाही खेळलीस तरी येणार." ती उठली आणि खोलीचं दार लावून घेतलं. या वेळी ती गुणगुणली नाही.

अंतिम सामन्याच्या सकाळी ती काही न बोलता लवकर निघून गेली. काका हॉलमध्ये पोचले तेव्हा त्यांचा जीव टांगणीला लागलेला होता. हॉल गच्च भरला होता. क्लबची माणसं पहिल्या रांगेत बसली होती. दोन्ही संघ मैदानात उतरले, काकांनी लेन्समधून एकेक चेहरा बघितला, आणि नेटजवळच्या जागेवर शिडीच्या ऐवजी एक बुटकीशी मुलगी होती. शिडी बाकावर होती, उजव्या गुडघ्याला बर्फाची पिशवी बांधलेली. बापाकडे तिने बघितलंच नाही. काकांना एकदम हलकं वाटलं आणि त्याच क्षणी इतकं वाईट वाटलं की थोडा वेळ त्यांना कॅमेऱ्यातून काही दिसेना.

"काका, या बाजूला या," फोटोग्राफर पोरगी म्हणाली. "स्मॅश इथून छान मिळतील."

"तुझे तू घे," काका म्हणाले, आणि बाकाच्या समोर जाऊन बसले.

सामना हातातून निसटत चालला होता. बुटकी मुलगी घाबरलेली होती आणि चेंडू नेटमध्ये मारत होती. शिडी आधी हातांची घडी घालून मख्ख बसली होती. मग तिची घडी सुटली. मग तिने ओरडून काहीतरी सांगितलं. विश्रांतीत तिने त्या मुलीला जवळ ओढलं आणि हातवारे करून कधी उडायचं ते दाखवलं. पुन्हा खेळ सुरू झाला. चेंडू उंच गेला. काकांनी तिकडे बघितलं नाही, ते शिडीकडे बघत होते. तिची मान वर झाली, ओठ उघडले, आणि काकांनी बटण दाबलं. हॉलमध्ये एकच गलका झाला. शिडी बाकावरून उठली होती, डाव्या एका पायावर, दोन्ही हात वर, ओरडत होती. काका बटण सोडत नव्हते. मान फिरली नव्हती. आपण श्वास घेतोय, हेही त्यांच्या ध्यानात आलं.

तो गुण मिळाला, पण सामना गेला. क्लबच्या माणसांनी त्या बुटक्या मुलीशी हस्तांदोलन केलं, कोचशी चार शब्द बोलले आणि निघून गेले. हॉल रिकामा व्हायला लागला. शिडी लंगडत काकांजवळ आली आणि त्यांच्या शेजारी टेकली. "सकाळी सांगितलं कोचना," ती म्हणाली. "उद्या एक्स-रेला बोलावलंय. तुमच्याच तळघरात. तुमच्या जागी आता कोण आहे?"

"आहे एक पोरगा. चांगला आहे. पण बोलत नाही फारसं."

शिडीला हसू आलं, मग तिचे डोळे भरून आले. तिने हात पुढे केला. "दाखवा, काय काढलंत." काकांनी तो फोटो लावून कॅमेरा तिच्या हातात दिला. ती बराच वेळ बघत राहिली. हात वर गेलेले, पण बोटं पुसट झालेली. केस नुसत्या रेघा. तोंड उघडं, आणि त्या तोंडावर दुखल्याची खूण कुठेही नव्हती.

"बाबा, हा हललाय," ती म्हणाली.

"असू दे," काका म्हणाले. "हलू दे."

घरी गेल्यावर काकूंनी तो मोठा करून आणला आणि घड्याळासाठी ठोकलेल्या खिळ्यावर लावला.