आत्याचा आवाज

सुलभाताईंच्या लॅपटॉपवर व्हिडिओ कॉलमध्ये नागपूरचा पाळणा दिसत होता. भावाच्या मुलीचं बारसं होतं. गुडघ्यांमुळे प्रवास झेपत नाही, म्हणून आत्या या नात्याने बाळाच्या कानात नाव त्या इथूनच सांगणार होत्या. तिकडचं सगळं ऐकू येत होतं, पण यांचा आवाज तिकडे जात नव्हता. म्हणून त्या चालू लॅपटॉप घेऊनच माझ्या दुरुस्तीच्या दुकानात आल्या होत्या.

मी पाहिलं आणि म्हणालो, "लिनक्स कोणी टाकलं यात? विंडोज घ्या."

प्रिंटर घेऊन आलेला एक इंजिनिअर हसला. "काका, तुम्हाला येत नाही म्हणून ते वाईट होय?"

मी भडकलो. मी कॉलेज पाहिलेलं नाही. रद्दीतली मशीनं उघडून शिकलो. पूर्वी एका पदवीवाल्याने मला 'स्क्रू पिळणारा' म्हटलं होतं, ते अजून सलतं. विंडोजला कोणी हसलं की माझ्या त्या वर्षांना हसल्यासारखं वाटतं. त्याचंही लिनक्सबाबत तसंच असावं. गिऱ्हाइकाशी घासाघीस करताना मी कधीतरी एक पाऊल मागे घेतो. इथे दोघांपैकी कोणीच घेईना.

"दादा, बघता ना?" ताईंनी दोनदा विचारलं.

"दोन मिनिटं," म्हणत मी पुन्हा त्याच्याकडे वळलो.

लॅपटॉपमधून टाळ्या ऐकू आल्या, तेव्हा पडद्याकडे पाहिलं. कोणी दुसरीच बाई बाळाच्या कानात नाव सांगून सरळ होत होती.

कीबोर्डवरची माइकची कळ तेवढी बंद होती. ती विंडोज असो की लिनक्स, सारखीच असते. मी ती दाबली.

"आता जाईल आवाज," मी खाली बघत म्हणालो.

"आता काय सांगू?" ताई म्हणाल्या.