इंजिनातल्या अक्षता

नाना गेले, आणि त्यांच्या नावावर चढलेली एक चूक अजून तशीच आहे.

दुपारी चक्रतीर्थाच्या स्मशानात त्यांना पोचवून आलो. तिथेही एकजण हळूच म्हणाला, "तेच ना, ज्यांच्या इंजिनाने तांदूळ खाल्ले?"
लोक हसले. मीही हसलो.
घरी येऊन आंघोळ केली आणि लिहायला बसलो. आज नाही लिहिलं तर मी पुन्हा हुशारीने गप्प बसेन. मला मी चांगला ओळखतो.

नाना आमच्या उज्जैनच्या एका कापड गिरणीत मेंटेनन्सचे फोरमन. गिरणीला टाळं लागलं तेव्हा ते अठ्ठेचाळीसचे.
मी तेव्हा माधव नगरात टपरी टाकून स्कूटर दुरुस्त करायचो. डिग्री नव्हती. इंजिनाचा आवाज ओळखणारा कान तेवढा होता, त्यावरच नानांनी मला हाताशी घेतलं.

नानांच्या अंगणात एक लाल, दोन सीटची विलायती स्पोर्ट्स कार उभी असायची. एका जहागीरदाराच्या कोठीतून भंगारात घेतलेली. कंपनी कुठली ते सांगत नाही, शौकीन लोक सोबतच्या फोटोवरून ओळखतील.
इंजिनाचा ब्लॉक तडकलेला, पार्ट मिळायची आशा नाही. मग नानांनी ठरवलं, हिच्यात देशी गाडीचं अठराशे सीसीचं इंजिन बसवायचं. मूळचं होतं बाराशेच्या आसपास.

हा रिकामटेकडा शौक नव्हता.
इंदूरचे एक सेठ जुन्या गाड्यांचं वर्कशॉप काढणार होते. गाड्यांचे दिवस बदलत होते, पैसेवाल्यांना आता जुन्याचं कौतुक सुचायला लागलं होतं. सेठ म्हणाले होते, ही गाडी चालती करून दाखवा, वर्कशॉप तुमच्या हातात देतो.
नानांनी मला न विचारताच सांगून टाकलं, आम्ही दोघं येऊ.

तीन महिने आम्ही दोघं लागलो होतो. चाकांना ताकद नेणारा प्रोपेलर शाफ्ट कापून आखूड केला. इंजिन टेकवायच्या माउंटिंगसाठी नानांनी घराच्या फाटकाचे अँगल कापले. नानांच्या पत्नी, आमच्या काकू, म्हणाल्या, फाटक गेलं तर जाऊ दे, माणूस खुर्चीतून उठला ना, बस.

अष्टमीच्या संध्याकाळी इंजिन चेन-पुलीने उचलून गाडीवर टांगलं. आता फक्त खाली उतरवायचं होतं.
दुसऱ्या दिवशी खंडेनवमी.

नाना म्हणाले, मशीनला तिथी कळत नाही. पण काकूंनी पहाटेच सगळे पाने, हातोड्या, जॅक पाटावर मांडून हळद-कुंकू लावून टाकलं होतं.
"पंचवीस वर्षं पोसलं त्यांनी. एक दिवस त्यांना पण छुट्टी असू दे," म्हणाल्या.
पूजेला लावलेल्या हत्याराला हात लावायचा नाही. विषय संपला. इंजिन तसंच लटकत राहिलं.

आणि मग माणसं यायला लागली.

गिरणीत या दिवशी प्रत्येक मशीनला हार असायचा, प्रत्येकाला पेढा. त्या वर्षी गेटला कुलूप. बोलावलं कुणालाच नव्हतं, पण कुठूनसं कळलं असणार. साच्यावरचे विणकर आले, रंगखात्यातले आले, बॉयलरवाले आले. एकेक जण चप्पल काढायचा, टांगलेल्या इंजिनाला कुंकू लावायचा, अक्षता टाकायचा आणि ओट्यावर जाऊन बसायचा.
नाना भिंतीकडे तोंड करून चहा गाळत होते. बराच वेळ गाळत होते.

तिसऱ्या दिवशी, दसऱ्याला, सकाळी अकराला सेठ यायचे होते. दहाच्या आत सगळं फिट. चालू करण्याआधी मी पाना लावून इंजिन हाताने फिरवलं.
एक बारीक कर्र आलं. पुन्हा फिरवलं. पुन्हा तेच.

मी म्हणालो, "नाना, अक्षता असतील. दोन दाणे, जळून जातील. चालू करू."
नानांनी घड्याळ पाहिलं.
"तुला ऐकू आलं ना? मग उघड."

सेठ आले तेव्हा हेड उघडून जमिनीवर ठेवलेलं होतं आणि नाना चिमट्याने पिवळे तांदूळ वेचत होते.
"नाना साहब, चलती गाड़ी देखने बुलाया था, आप तो ऑपरेशन खोल के बैठे हो."
"ग़लती मेरी है सेठजी. मुँह मैंने खुला छोड़ दिया था."
सेठ हसले, चहा प्यायले आणि गेले. आठवड्याने निरोप आला, मुंबईचा माणूस ठेवला.

गाडी त्याच संध्याकाळी पाचला चालू झाली. असा आवाज मी नंतर कुठल्या गाडीचा ऐकला नाही. काकूंना शेजारी बसवून नानांनी भैरवगढपर्यंत चक्कर मारली.
पुढे नाना पिथमपूरच्या एका कारखान्यात लागले. दोन बस बदलून जायचे. अकरा वर्षं.

आता जे लिहायला बसलो ते.

कार्बोरेटर अजून बसवायचा होता, म्हणून त्याच्या जागेच्या भोकात चिंधीचा बोळा कोंबलेला होता. पूजेत ती तेलकट चिंधी मला बरी दिसेना. मी ती काढली आणि तिथे एक झेंडू खोचला. अक्षता झेंडूच्या कडेने आत गेल्या. कार्बोरेटर बसवताना मी फूल उपटलं, पण आत डोकावलो नाही.

नानांना हे माहीत होतं. सेठची गाडी वळल्यावर ते एवढंच म्हणाले, "खिशातला बोळा काढ. दोन दिवस घेऊन फिरतोयस."

माझं वर्कशॉप उभं राहिल्यावर एकदा धीर करून विचारलं, त्या दिवशी माझं नाव का नाही घेतलं?
"घेतलं असतं तर इंदूर-उज्जैनमध्ये तुला कुणी नटही आवळायला दिला नसता. मी पंचवीस वर्षं नाव कमावलं होतं. एक चूक मला झेपत होती."

नाना, तुम्हाला झेपली. मला अजून झेपलेली नाही.

तेव्हा किस्सा सांगणाऱ्यांनो, यापुढे नीट सांगा. भोक मी उघडं ठेवलं. ग़लती मेरी थी.

या आता, नाना. नमस्कार करतो.