आत्यानं किल्ली दिली नाही

पोल्ट्रीवर तिला सगळेच आत्या म्हणायचे. खरी आत्या ती मालकाची, त्याच्या वडिलांची धाकटी बहीण. पण शेड झाडणाऱ्या बायकांपासून खाद्याची गाडी आणणाऱ्या ड्रायव्हरपर्यंत सगळ्यांच्या तोंडी तेच. लग्न तिनं केलं नाही. भावानं पहिली तीनशे पिल्लं आणली तेव्हा ती विशीत होती. पिल्लांना ऊब देणाऱ्या दिव्यापाशी बसली, ती बसलीच. पुढं भाऊ गेला, भाच्यानं तीनशेच्या पाच हजार केल्या, पत्र्याच्या दोन लांब शेड उभ्या राहिल्या. आता आत्याला अठ्ठावन्नावं लागलं होतं.

औषधाच्या लोखंडी कपाटाची किल्ली तिच्या कमरेला असायची, आणि तिच्या नाकाचा दरारा होता. कोंबडी शिंकायच्या आधी आत्याला कळतं, असं बायका म्हणायच्या, आणि ते फारसं खोटं नव्हतं. शेडच्या दारात उभं राहून ती एकदा श्वास घ्यायची. आंबूस, कुजकट वास आला की समजायचं, सर्दी शिरली. ही साधी सर्दी नव्हे. कोंबडीचं तोंड सुजतं, डोळा मिटतो, नाकातून घाण वाहते आणि अंडी निम्म्यावर येतात. मग आत्या कपाट उघडायची, जंतू मारणारी पिवळी पावडर मोजून पाण्याच्या टाकीत ढवळायची. पाच दिवसांत शेड ताळ्यावर. वीस-बावीस वर्षं हे असंच चाललं.

त्या वर्षी मात्र पावडर द्यावी, सूज उतरावी आणि महिनाभरानं ये रे माझ्या मागल्या. तिसऱ्या खेपेला तर सूज उतरलीच नाही. आत्यानं माप वाढवलं, मग दुप्पट केलं. पालथ्या घड्यावर पाणी. कोंबड्या पिंजऱ्यात डोळे मिटून बसलेल्या आणि अंड्यांचे ट्रे रिकामे.

भाच्यानं जनावरांच्या दवाखान्यातल्या नव्या डॉक्टरला बोलावलं. ती स्कूटरवरून आली; वय आत्याच्या निम्मंही नसेल. तिनं दहा-बारा आजारी जणींची नाकं पुसली, म्हणजे कोंबड्यांची, आणि कापसाच्या काड्या नळ्यांत घालून घेऊन गेली. आठवड्यानं निरोप आला, तो मालकाला नव्हे, आत्याला. प्रयोगशाळेत या, एक गोष्ट दाखवायची आहे.

आत्या पदर खोचून गेली. प्रयोगशाळा म्हणजे एक लहानशी खोली, दोन फ्रिज आणि खिडकीखाली ओटा. डॉक्टरनं काचेची एक चपटी बशी समोर धरली. तिच्यात चॉकलेटी थर होता, थरावर जंतूंची पुसट साय धरलेली, आणि तिच्यावर कागदाच्या टिकल्या ठेवलेल्या. प्रत्येक टिकलीला वेगळं औषध लावलंय, असं डॉक्टरनं सांगितलं. एका टिकलीभोवती स्वच्छ गोल कडं पडलं होतं. त्या औषधाला जंतू अजून मरत होते. बाकीच्यांभोवती ते अगदी कडेला भिडले होते.

"यातली माझी पावडर कुठली?" आत्यानं विचारलं.

डॉक्टरनं बोट ठेवलं. त्या टिकलीच्या कडेला जंतू असे दाट उगवले होते, जणू त्यांना खत घातलंय.

आत्यानं बशी हातात घेऊन खिडकीच्या उजेडात धरली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "हे मी केलं?"

"तुम्ही एकट्यांनी नाही," डॉक्टर म्हणाली. "जरा शिंकलं की पाण्यात टाक, हे सगळ्यांनीच केलंय. मरायचे ते मेले, तगले त्यांची पिलावळ वाढली. आणि माणसांची औषधंही याच कुळातली असतात."

आत्या बसनं परतली. बावीस वर्षांचं शहाणपण बशीभर निघालं, असं तिला वाटलं. घरी आल्यावर मात्र ती भाच्याला म्हणाली, डॉक्टर सांगेल तसं करू.

जुन्या शेडमधली सर्दी त्या उरलेल्या एका औषधानं आवरली. पण बऱ्या झालेल्या कोंबड्यांच्या नाकात जंतू दडून राहतो, असं डॉक्टर बजावून गेली होती. खरा उपाय दुसऱ्या, नव्या शेडमध्ये करायचा होता. तिथं अडीच हजार तलंगा वाढत होत्या, अजून अंड्यावर न आलेल्या. त्यांना लस टोचायची. मारलेले जंतू अंगात गेले की शरीर शत्रूला आधीच ओळखून ठेवतं. आपल्या शेडमधला जंतू कुठल्या प्रकारचा, हे तपासून त्याला जुळणारी लस आणायची आणि काही आठवड्यांच्या अंतरानं दोनदा द्यायची.

भाच्याच्या पचनी हे पडेना. धडधाकट पाखरांना सुया कशाला, आणि तेही एकेकीला धरून? पण आत्यानं चार बायका बसवल्या, स्वतः सुई धरली. पहिल्या कोंबडीला फार वेळ लागला. चाळिसावीपर्यंत हात बसला. एकीनं धरायची, छातीचं मांस चाचपायचं, सुई तिरकी, संपलं. आपल्याच बोटात शिरली तर तडक दवाखाना, हे डॉक्टरनं सगळ्यांकडून दोनदा वदवून घेतलं होतं.

दुसऱ्या डोसच्या सकाळी घोटाळा झाला. लशीचा खोका घरच्या फ्रिजमध्ये होता. सूनबाईनं, म्हणजे भाच्याच्या बायकोनं, जास्त गार तितकं चांगलं अशा समजुतीनं तो आदल्या दिवशी वर बर्फाच्या कप्प्यात सरकवला होता. आत्यानं बाटली उजेडात धरली. दुधासारखी एकजीव लस फाटून दोन थर झाले होते. भाचा म्हणाला, हलवून टोचू. आत्यानं ऐकलं नाही. सगळ्या बाटल्या टाकायला काढल्या आणि डॉक्टरला फोन लावला. सूनबाई रडवेली झाली तेव्हा आत्या एवढंच म्हणाली, "अगं, मी बावीस वर्षं चुकले, तू एक रात्र." नवी लस यायला आठवडा गेला. तोवर आत्याचा जीव टांगणीला; लस आली तसा दुसरा डोस टोचून झाला.

नव्या शेडमधल्या तलंगा अंड्यावर आल्या, थंडी पडली आणि जुन्या शेडमध्ये पुन्हा तोच वास आला. दोन शेडमध्ये वीस पावलांचं अंतर. आत्या रोज सकाळी आधी नव्या शेडच्या दारात उभी राहायची, मग जुन्या. मध्ये चपला बदलायची, हात धुवायची. पाचव्या दिवशी नव्या शेडमध्ये अकरा कोंबड्यांची तोंडं सुजलेली दिसली. तिनं भाच्याला हाक मारली.

भाचा धावत आला. "आत्या, किल्ली दे. ते चालणारं औषध सगळ्या टाकीत टाकतो."

"नाही देणार."

"अडीच हजार कोंबड्या आहेत!"

"आजारी अकरा आहेत. त्यांना बाजूला काढू, डॉक्टर म्हणेल ते त्यांनाच देऊ. एकच औषध उरलंय रे. तेही नासवलंस तर पुढच्या खेपेला काय देशील?"

त्यानं तिच्या कमरेकडे पाहिलं. वडिलांच्या बहिणीच्या कमरेची किल्ली हिसकायची कशी? पाय आपटत गेला, आणि संध्याकाळी स्वतःच त्या अकरांसाठी वेगळा पिंजरा बांधून दिला.

पुढचे दिवस आत्यानं डोळ्यांत तेल घालून काढले. अकराच्या सोळा झाल्या, मग एकोणीस, आणि तिथंच थांबल्या. एकोणीस पुन्हा दाणे टिपायला लागल्या. अंडी थोडी घटली, पण ट्रे रिकामे राहिले नाहीत. डॉक्टर येऊन गेली. लस म्हणजे चिलखत नव्हे, पण रोग पेटला नाही, असं म्हणाली. त्या दिवशी आत्या पोटभर जेवली.

जुनी बॅच गेल्यावर ती शेड धुऊन, वाळवून तीन आठवडे मोकळी ठेवली, आणि मग तिथंही टोचलेल्या तलंगाच आल्या. पिवळी पावडर पुन्हा आणली नाही.

बातमी पसरायला वेळ लागत नाही. पलीकडच्या पोल्ट्रीची मालकीण एक दिवस घरी आली, तुमची आत्या दोन दिवस द्या म्हणाली. आत्या गेली. तिथं स्टुलावर बसून तिनं सहा बायकांना कोंबडी धरायची कशी, पंख दुमडायचे कसे, हे शिकवलं. दुपारी मालकिणीच्या सासूनं विचारलं, "लस लागू पडली, हे कधी कळतं हो?"

"कळतच नाही," आत्या हसून म्हणाली. "काही झालं नाही, की समजायचं लागू पडली."

सासूला ते फारसं पटलं नाही. पण तिनंही बाह्या सरसावल्या आणि खुराड्यात हात घालून पुढची कोंबडी काढून दिली.