डाव्या अंगाची फळी

सन दोन हजार पंचवीस. मला एकोणऐंशी चालू होतं. दुपारी आळ्याला, आमच्या गावी, घराच्या ओट्यावर बसलो होतो आणि मंचरहून फोन आला, शालन गेली. माझी भाची. तालमीत स्टेजची फळी मोडली, ती खाली गेली, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं... त्याला आता दीड महिना झाला. संगीत नाटकांचे नाच बसवणारी, राज्याचं बक्षीस मिळवलेली, असं पेपरात लई छापून आलं. ते खरंच आहे. जे छापून आलं नाही ते मी लिहितो. मी तिसरी शिकलोय, माझं मला लिहिता येतं.

चाळीस वर्षं मी तमाशाच्या फडात स्टेज बांधलं. खाली पिंपं, वर फळ्या. बांधून झालं की अनवाणी एकेका फळीवर चालायचं, काठीनं ठोकायचं आणि कान द्यायचा. धड फळी भरीव बोलते, आतून गेलेली पोकळ. पोकळ फळीवर तंबाखूच्या डबीतल्या चुन्याची फुली मारायची. मग तिच्यावर कोणी पाय देत नसे, आणि मी फळ्या वाजवल्याशिवाय कोणी पायात चाळ बांधत नसे. शालनची आई त्याच फडात नाचायची, पोर तिथंच वाढली. नऊ वर्षांची असताना मुद्दाम फुलीवर जाऊन तिनं गिरकी मारली. मी मुस्काडात दिली. "एक दिस अशीच खाली जाशील," म्हणालो. ती रडली नाही. "तुमी असताना कशी जाईन वो मामा?"... तेव्हा मला ते लई गोड वाटलं होतं.

पुढं ती मुंबईला गेली. आधी नाटकात नाचली, मग नाच बसवायला लागली. तिचं पाऊल नुसतं पडत नसे, जमिनीला विचारून पडे. तिच्या पर्समध्ये चुन्याची डबी असायची. हाताखालच्या मुली हसायच्या, "ताई, तंबाखू मळता काय?" बक्षिसाच्या दिवशी मला नवं धोतर घेऊन तिनं मुंबईला नेलं. स्टेजवर बोलावलं आणि माइकात म्हणाली, "आमच्या मामांना पुस्तक वाचता येत न्हाई, पण फळी वाचता येते." लोक हसले, टाळ्या वाजवल्या. मी सोगा आवरत खाली उतरलो तो थेट घरी आलो. तिसरी शिकलेल्या माणसाला चारचौघांत अडाणी म्हणते? तीन वर्षं बोललो नाही. दिवाळीला ती यायची, मी मळ्यात जाऊन बसायचो.

जायच्या आधी आठ दिवस तिचा फोन आला.

"मामा, मंचरच्या हॉलात तालीम लावलीय. डाव्या अंगाची एक फळी पोकळ बोलतीय. हॉलवाला म्हणतो, नवं स्टेज हाय, काय व्हत न्हाई. तुमी एकदा वाजवून जावा की."

"मला कुठं वाचता येतंय? अवसरीला इंजिनेरांचं कॉलेज हाय, तिथला एखादा बोलव."

"अजून तेच धरून बसलाय व्हय?" ती हसली. "बरं. तुमी येस्तवर सांभाळते मी."

काय सांभाळते, ते मी विचारलं नाही.

उसात बिबट्या येऊन बसला की वस्तीवरची कुत्री एकदम गप होतात. ते आठ दिवस घर तसं गप होतं. कोपऱ्यातली काठी दोनदा आपसूक घसरून पडली. दोन्ही वेळा उचलून उभी केली... आणि घरीच राहिलो.

तिच्या मातीला गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी काठी घेतली आणि पहिल्या एसटीनं मंचर गाठलं. हॉलवाला आडवा आला, "बाबा, स्टेज बंद हाय."

"तुझं स्टेज बंद हाय, माझं कान उघडं हायेत."

नाटकातल्या मुली भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी चपला काढून वर चढलो. डाव्या अंगाला मोडकी फळी तशीच लोंबत होती. तिच्या तुकड्यावर चुन्याची फुली होती. बारीक, एका बोटानं मारलेली.

"ही कुणी मारली?"

एक मुलगी उठली. "ताईंनी. आम्हाला या बाजूला येऊच द्यायच्या नाहीत. ही जागा त्या स्वतः धरायच्या. म्हणायच्या, मामा येऊन वाजवू देत, मग तुम्ही या." माझ्या काठीकडं बघत तिनं विचारलं, "तुम्हीच का ते मामा?"

मी काठी उचलली. उजव्या कडेपासून सुरू केलं. ठोकत, कान देत डावीकडं आलो. मोडक्या फळीच्या शेजारची फळीही पोकळ बोलली. खाली बसलो, डबी उघडली, बोट बुडवलं आणि तिच्या फुलीशेजारी माझी फुली मारली. मग हॉलवाल्याला हाक दिली, "पहार आण."